भिंतीवरून गेलेला घोडा

आमच्या पडवीत बुद्धिबळ दोघांनी खेळायची पद्धतच नाही. पट दोघांत मांडतात, पण खेळतात सगळे. ज्याची पाळी असेल त्याचा हात उठायच्या आधी बघणाऱ्यांची तोंडं चालू होतात. हत्ती काढ, वजीर उघडा पडला, तुला दिसतंय की नाही. कोणी गप्प बसून बघत असला तर त्याला बरं नाही असं समजतात आमच्याकडे. माझी नात सुट्टीत यायची ती या गलक्यातच शिकली, यांच्या मांडीवर बसून. हे म्हणजे आमचे हे, तिचे आजोबा. पुढे ती कुठच्या कुठे गेली, देशोदेशी खेळली, ग्रँडमास्टर झाली. पण सुरुवात ही अशी.

तर गेल्या मे महिन्यात तिचा फोन आला. मुंबईत तिच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम काढलेलं, आणि तिची स्पर्धा तोंडावर. म्हणाली, आजी, रत्नागिरीला येऊन खेळू काय? मला काय, आनंदच. स्पर्धा म्हणजे घरबसल्या खेळायची. जगातले मोठमोठे खेळाडू आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसतात. एका डावाला प्रत्येकाला तीन मिनिटं, खेळी केली की दोन सेकंद वाढीव. चार डावांची एक लढत, आणि लढत हरला तो स्पर्धेतून गेला. तीन मिनिटांत माझ्या चहाला धड उकळी येत नाही, आणि ही पोरं तेवढ्यात एकमेकांचे राजे मारतात.

नियम मात्र कडक. खोलीत दुसरं कोणी नको. एक कॅमेरा तोंडासमोर, एक पाठीमागे, आवाज सगळा पंचांना ऐकू जाणार. बाहेरून कोणी खेळी सुचवली असं ठरलं तर लढत काढून घेतात, आणि माणसाच्या नावाला डाग लागतो तो वेगळाच. हे तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. सुरू व्हायच्या आधी कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा असतो. आमची ती खोली आंब्याची. खाटेखाली पेंढ्यात आंबे पिकायला अढी घातलेली. पंचांनी तो पेंढा उकरून दाखवायला लावला. हिने एक आंबा काढून कॅमेऱ्यापुढे धरला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग दार लावलं. हे माजघरात टॅब घेऊन बसले, कारण लढत सगळ्यांना बघता येते. मी शेजारी शेंगा सोलत बसले. दार बंद म्हणजे झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण कौलारू घर आमचं. मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, वर सगळं मोकळं. या खोलीतली शिंक त्या खोलीत ऐकू येते. जन्म गेला त्या घरात, पण ती वरची मोकळी जागा कोणाच्या डोक्यातच आली नाही. तिच्यासुद्धा.

समोर परदेशातला कोणी खेळाडू होता, नावाजलेला. पहिला डाव तो जिंकला. यांची चुळबुळ सुरू झाली. मी दोनदा डोळे वटारले. हे थोडा वेळ ओठ दाबून बसले, पण हळूहळू मान पुढे, बोट टॅबवर, आणि मग जे पडवीत वर्षानुवर्षं करत आले तेच केलं. घर दणाणून ओरडले,

"अगो घोडा मार, घोडा!"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. आतून काही आवाज नाही, नुसती माऊसची टकटक. मग टकटक थांबली, आणि नातीचं इंग्रजी बोलणं ऐकू यायला लागलं. शांत, पण एकेक शब्द तोलून. मला त्यातलं ‘ग्रँडफादर’ तेवढं कळलं. हरली असती तर हरली असती, त्याचं काय. पण फसवून खेळली असं कोणी म्हटलं तर पोरीने तोंड कुठे दाखवायचं?

दार उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडलेला. तिसरा डाव ती जिंकली होती, पण पंचांनी चौथा थांबवून ठेवला होता.

"आजोबा, आत या. टॅब तसाच घेऊन या, त्यावर काही दाबू नका."

हे उघड्या अंगाने बसलेले. तशातही आधी सदरा घातला, मग गेले. मी दारात उभी. कॉम्प्युटरवरच्या पंचांत एक बाई विदर्भातली होती, ते देवानेच केलं म्हणायचं. तिने यांना मराठीतच विचारलं, काय म्हणालात आणि कोणाला. यांनी सगळं खरं सांगितलं, आमच्या पडवीची रीतसुद्धा. म्हणाले, चूक माझी आहे, पोरीला काही करू नका. बाईने टॅब कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितला. तर टॅबवर अजून दोन नंबरचाच डाव चालला होता.

त्याचं असं, की कोणी बघून सांगू नये म्हणून लोकांना ती लढत मुद्दाम काही मिनिटं उशिराने दाखवतात. आम्हाला काय माहीत? हे ओरडले ते दुसऱ्या डावावर, जो ती केव्हाच जिंकून बसली होती. आत तिसरा चालू होता.

"आणि मॅडम," नात म्हणाली, "तेव्हा माझ्या पटावर घोडाच नव्हता. दोघांचेही मेलेले."

पंचांचं आपसात बोलणं झालं. मी दाराची चौकट धरून ठेवली होती. मग ती बाई परत आली आणि म्हणाली, डाव कायम, ताकीद देऊन सोडतोय. यांच्याकडे बघून जरा हसली.

"आजोबा, आता तुम्ही जरा दूर बसा बरं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. हे मागच्या दाराने जे बाहेर पडले ते थेट विहिरीपाशी जाऊन उभे राहिले, चौथा डाव संपेपर्यंत. तो बरोबरीत सुटला आणि लढत आमची झाली.

दुसऱ्या दिवशी पुढची लढत. यांना मी टॅबसकट शेजाऱ्यांकडे पाठवलं, मधे त्यांचं अख्खं आवार. ती लढत ती हरली. दार उघडून हसत बाहेर आली, म्हणाली, गेले गो आजी, तो भारी खेळला. खेळून हरली होती, कोणी काढली नव्हती. मी म्हटलं, बरं, हात धू, पान घेतेय.

ती आमटीभात कालवत होती तेव्हा शेजाऱ्यांच्या पडवीतून एकदम कल्ला उठला. हत्ती घे, अगो, मिळाला हत्ती. यांचाच आवाज सगळ्यांत मोठा. तिने घास हातात धरून ऐकलं.

"तिकडे अजून जिंकतेय मी," म्हणाली.

मी तिला वर आमटी वाढली आणि माझंही पान घेतलं. कालपासून नीट जेवलेच नव्हते, ते तेव्हा लक्षात आलं.