मानाचं पहिलं नाव

सुजाता कांबळे गेली, हे मला तिच्या वैऱ्यानं फोन करून सांगितलं. शिवाजी पेठेतलं माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान सकाळी नुकतंच उघडलं होतं, दाखल्यांसाठी पोरापोरींची झुंबड उडालेली, आणि साहेबांचा फोन आला. ‘‘मंगलताई, फार वाईट बातमी आहे. सुजाताबाई पहाटे गेल्या. हार्ट अटॅक.’’ माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा खाली पडला. पलीकडं शांतता… मला वाटलं, माणूस गहिवरलाय. तर म्हणतो कसा, ‘‘आणि ताई, गटाचं ते संमतीपत्र तुमच्याकडंच टाईप होणार होतं ना? मुदत जवळ आलीय.’’ मुडदा बशिवला तुझा! हे मी मनात नाही म्हणाले. फोनवरच म्हणाले आणि फोन ठेवला. मग खाली पडलेल्या कागदांत बसून रडले. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत.

त्याला आता महिना होत आला. पुरवणीच्या संपादकांनी सांगितलंय, मैत्रिणीच्या आठवणी लिहा, जरा हळव्या लिहा. मला रडू यायच्या आधी राग येतो, त्याला मी काय करू? हळवं लिहिणाऱ्या बायका कोल्हापुरात पुष्कळ आहेत. मी सुजाताची मैत्रीण आहे, आणि ती काही हळवी नव्हती.

कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही एका बाकावर होतो. मी पेठेतली, तालमीच्या दारात वाढलेली. ती शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची, रोज एसटीनं यायची, डब्यात वाळल्या मासळीची चटणी. पहिल्यांदा वास आला तेव्हा दोन मुली बाक सोडून गेल्या. सुजातानं डबा आणखी उघडा करून मधोमध ठेवला आणि मला म्हणाली, ‘‘तू बी जाणार असशील तर जा, न्हायतर भाकरी मोड.’’ मी मोडली. तिथनं आमचं जमलं ते जमलंच. मी बी.एस्सी. करून लग्न केलं. ती एम.एस्सी. झाली आणि आयुष्यभर तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. या कॉलेजात चार तास, त्या कॉलेजात दोन. कायम जागा निघाली की कुणाचा तरी भाचा उगवायचा. ‘‘मंगे, मी तासावारी बाई,’’ ती हसून म्हणायची. मला हसू यायचं नाही, मी त्या भाच्यांना नाव घेऊन शिव्या घालायची, मग मात्र ती खरंच हसायची.

तिच्या वडिलांचं रान ओढ्याच्या कडेला, सखल. वरच्या रानांनी उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं आणि ते सगळं मुरून खालच्या रानांत मीठ वर आलं. सकाळी बघावं तर जमीन पांढरीफट्ट. ऊस जळाला, गवतसुद्धा उगवेना. आसपासच्या सगळ्यांची रानं अशीच. लोक रडत बसले होते, सुजातानं तळी खोदायला घेतली. ऊस येत नाही तिथं मासा येईल, असं तिचं म्हणणं. तिच्या वस्तीतल्या बाया, शेजारच्या गल्लीतली पारूअक्का, असा बायकांचा गट जमवला. पारूअक्का लिंगायत घरातली, माहेर सीमेपलीकडचं, जन्मात मासा न खाल्लेली बाई, पण तिचंही रान पांढरं पडलेलं. ‘‘मी खाणार न्हाई, पर वाढवीन की,’’ म्हणाली आणि गटाची अध्यक्ष झाली. कुठल्या पाण्यात कुठला मासा तगतो, खाद्य किती लागतं, तळ्याच्या बांधाचं मीठ उतरतं का, तिथं वैरण येते का, हे सगळं बायांनी पाळी लावून मोजायचं. गावातले पुरुष पारावर बसून म्हणायचे, ‘‘आता मासं पेरत्यात, उद्या बेडकं खुरपतील.’’ पहिली रोहू बाहेर निघाली तेव्हा तेच पिशवी घेऊन दारात उभे.

मग सरकारी योजना आली. गावकऱ्यांनी स्वतः केलेल्या शेती आणि मत्स्य संशोधनाला अनुदान. सुजाता धावत माझ्या दुकानात. आत माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायची, पायात चिखल, अंगाला खाद्याचा वास, आणि सांगत जायची, मी टाईप करत जायची. योजनेत स्पष्ट होतं, गट स्वतःच मुख्य अर्जदार होऊ शकतो, तज्ज्ञ फक्त सल्ल्याला हवा. तज्ज्ञ म्हणून हे साहेब. एका संस्थेतले मोठे शास्त्रज्ञ, दोनदा तळ्यावर येऊन गेलेले, बायांच्या हातचा झुणका खाऊन गेलेले. आणि इथंच आम्ही माती खाल्ली. गटाच्या बैठकीत ठरलं, एवढं थोर माणूस, त्यांचं नाव खाली कसं घालायचं? लग्नपत्रिकेत आपण काय करतो? मुलीच्या बापाच्या आधी मानकऱ्यांची नावं घालतो, आमदारांचं वर, मामांचं खाली. पाहुण्याला पहिलं ताट. तसंच मुख्य अर्जदार म्हणून पहिलं नाव साहेबांचं आणि खाली गट, असा ठराव टाळ्या वाजवून झाला. मानाचं नाव म्हणून घातलं हो. सरकार काय लग्नाला आलं होतं? सरकारनं ते मालकाचं नाव म्हणून वाचलं.

अनुदान मंजूर झालं आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. पैसा त्याच्या संस्थेत, सही त्याची. प्रकल्प सहायक म्हणून त्याच्या पुतणीची नेमणूक, तिला मासा कुठल्या बाजूनं धरायचा ते ठाऊक नाही. वर्षाचा अहवाल छापून आला, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर साहेब सुजाताच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात, हातात सुजातानं वाढवलेली कटला. आत सुजाताचं नाव कुठंच नाही. ‘गावातील महिला’ एवढंच. तिनं फोन करून विचारलं. ‘‘अहो, अहवालात जागा कमी असते,’’ साहेब म्हणाले. जागा कमी! पुतणीचं नाव मावलं होतं तीन ठिकाणी. सुजाता माझ्या दुकानात आली, त्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘‘मंगे, मी ह्याला सोडत न्हाय.’’ मी म्हटलं, ‘‘सोडू नकोस. मी हाय.’’

संधी आली ती तपासणी समितीच्या दिवशी. मोठी माणसं गाडीतनं उतरली, साहेब पुढं-पुढं. त्या दिवशी एका तळ्यात जाळं ओढलं होतं आणि बांधावर गटाचे वाटे घातले होते. आमच्याकडं वाटे करायची रीत अशी, की माशांचे ढीग घालायचे, एकीनं ढिगांकडं पाठ करून उभं राहायचं, दुसरीनं एकेका ढिगाला हात लावून विचारायचं, ‘‘ह्यो कुणाचा?’’ पाठमोरीनं नाव घ्यायचं. ज्याच्या नशिबात जो ढीग, तक्रार नाही. त्या दिवशी पाठमोरी सुजाता होती. पारूअक्का विचारत होती, सुजाता एकेक नाव घेत होती. समितीच्या प्रमुखांना गंमत वाटली. सगळे वाटे संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आणि आमच्या शास्त्रज्ञांचा वाटा?’’ सुजाता वळलीसुद्धा नाही. पाठ तशीच ठेवून मोठ्यांदा म्हणाली, ‘‘सायबांना वाटा कशाला? त्यांनी अख्खं तळं नेलंय की!’’

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. समिती हसली. आणि साहेब? साहेब सगळ्यात जोरात हसले. त्यांच्या अंगावरचा एक केस हलला नाही, प्रकल्प तसाच चालू, सही तीच. संध्याकाळी सुजाता मला म्हणाली, ‘‘लोक हसले, पन त्याला लागलं न्हाय गं.’’ तिच्या आवाजात जे होतं ते मी विसरलेले नाही. बेशरमाला शब्दानं मारता येत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

यंदा योजनेचा दुसरा टप्पा निघाला. आता गटाची लेखी संमती असल्याशिवाय कुणालाही अर्ज करता येत नव्हता. सुजाताचे डोळे लखलखले. गेल्या पुरात तळ्यांचे बांध वाहून गेले होते, जाळी गेली होती, पैसा आला नसता तर पुन्हा पांढरं रान आणि पारावरचं हसू. पण आता किल्ली आमच्या हातात होती. शेवटची भेटली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, ‘‘ह्या वेळी आधी गट. त्याच्या नाकावर टिच्चून.’’ छातीत जळजळतंय म्हणून अर्धा चहा तसाच ठेवला. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. म्हणाली, अर्ज गेला की दाखवते… गेली ती गेलीच.

गावात बुद्धवंदना झाली, मग शोकसभा. साहेब बोलायला उभे राहिले. सुजाता कांबळे म्हणजे संशोधनाचा कणा, सुजाता कांबळे म्हणजे तळमळ… जिवंतपणी जिला एका ओळीची जागा नव्हती, तिच्यावर अर्धा तास! मेल्या म्हशीला मणभर दूध. मी पुढच्या रांगेत हाताची घडी घालून त्याच्या डोळ्यांत बघत बसले होते. शेवटी त्यानं जाहीर केलं, दुसऱ्या टप्प्याला ‘सुजाता कांबळे स्मृती प्रकल्प’ असं नाव देऊ. टाळ्या पडल्या. काही बायांचे डोळे भरून आले. आणि मला दिसलं, बाया विरघळताहेत. त्याच्याबरोबर गेलं तर पैसा नक्की. आपण एकट्यानं गेलो तर कोण विचारतंय?

सभा संपल्यावर पारूअक्काच्या घरी सोप्यात बसून त्यानं फाईल काढली. पारूअक्कानं चहा दिला, चिवडा दिला, बशी पुन्हा भरली. मानपानात काही कमी नाही. मग म्हणाली, ‘‘सई मिळणार न्हाई.’’

‘‘अहो पण, तिचंच नाव देतोय प्रकल्पाला!’’

‘‘ती हुती तवा तिचं नाव तुमास्नी जड झालं. मेल्यावर हलकं झालं व्हय?’’

त्या वेळी मात्र साहेब हसले नाहीत. चहा अर्धा टाकून उठले. सुजे, तू हवी होतीस गं. तुला ते तोंड बघायला मिळायला हवं होतं.

बाया मुदतीच्या आत माझ्या दुकानात आल्या. अर्ज मी टाईप केला, मुख्य अर्जदार गट. सुजातानं शिकवलेल्या दोन पोरी आता तळ्याचं बघतात, त्यांची नावं सविस्तर घातली. सल्लागार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक बाई, अगदी शेवटच्या पानावर. एकीनं विचारलं, ‘‘त्यांचं जरा वर घेऊया का? बरं दिसतंय.’’ पारूअक्का खेकसली, ‘‘पावण्याला च्या पाजायचा. सातबाऱ्यावर चढवायचं न्हाई.’’ अर्जाचं काय होईल मला ठाऊक नाही. साहेबांची माणसं वर बसलेली आहेत, तो गप्प बसणाऱ्यातला नाही. नामंजूर झाला तर आम्ही पुन्हा करू. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही.

परवा साहेब दुकानात आले. मी लेख लिहितेय हे त्यांच्या कानावर गेलं असणार. आत येऊन सुजाताच्या खुर्चीवर बसायला लागले. मी म्हटलं, ‘‘उभं राहून बोला. ती सुजाताची हाय.’’ एवढा मोठा माणूस, अर्धा वाकलेला, तसाच सरळ झाला. ‘‘माझ्याबद्दल काय लिहिलंय?’’ मी म्हटलं, सगळं लिहिलंय. ‘‘नाव?’’ मी म्हटलं, नाव नाही घातलेलं. त्यांच्या तोंडावर हायसं वाटलेलं अगदी स्वच्छ दिसलं, खिशातनं रुमालसुद्धा काढला.

मी म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्या अहवालात सुजाताचं नाव नव्हतं, तरी अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं तळी कुणाची. आता माझ्या लेखात तुमचं न्हाय. तालुका तोच हाय.’’

रुमाल हातातच राहिला. तसेच पायऱ्या उतरून गेले. मी खुर्ची पुसली आणि परत टेबलाशेजारी ओढून ठेवली.