विकास नाही म्हणाला

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरी नाही, मशिदीत नाही, दोस्तांत तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय फरक पडतो?

माझं नाव समीर इनामदार. सोयीचं नाव आहे. इनामदार हिंदूंतही असतात, आमच्यातही. कॉलेजसाठी बारामतीत खोली शोधताना पहिल्या दोन घरी मी अब्बांचं नाव सांगितलं, तर खोली नेमकी कालच गेलेली निघाली. तिसऱ्या घरी सांगितलंच नाही. खोली मिळाली, सोबत विकास मिळाला. वालचंदनगरकडचा, घरी म्हशी, दर सोमवारी येताना माझ्यासाठीही तुपाची बरणी आणणारा. मेसमध्ये पोरं मोबाइलवर आमच्या लोकांचे विनोद दाखवायची. विकास हसायचा. मीही हसायचो — खरं सांगू? सगळ्यात मोठ्यांदा मीच हसायचो.

आता आफरीनचं सांगतो. तिच्यापाशी आलो की माझी गाडी अडते.

ती कळस गावची, बारावीला. तिला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त धड तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. त्यासाठी ती अम्मीबरोबर बारामतीच्या दवाखान्यात यायची. इंदापूरच्या एसटीत आमची ओळख झाली. घरी दोघंही दखनी बोलायचो, पण एकमेकांशी मराठीच — का कोण जाणे, प्रेमाचं बोलणं मराठीत सोपं जायचं. रक्त चढवून बाहेर आली की हातावरची पट्टी दाखवून म्हणायची, "टाकी फुल्ल हाय. आता महिनाभर भांडते बघ तुझ्याशी." नात्यातल्या बायका तिच्यादेखत म्हणायच्या, हिला कोण करून घेणार? मी करीन म्हणालो होतो. खरंच करणार होतो.

तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. सहजासहजी मिळत नाही. विकासचाही तोच. कॉलेजच्या शिबिरात कळलं तेव्हा मीच तिला हौसेनं सांगितलं होतं. ती खूश झाली. म्हणाली, "मग माझं माहेर तुझ्या खोलीवरच हाय की!"

त्या श्रावणात तिला ताप आला. रक्त एकदम उतरलं आणि दवाखान्यात पिशवी नव्हती. पुण्याहून यायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले. तिनं मला फोन केला. आवाज इतका बारीक की मी दुसरा कान बोटानं बंद केला. "समीर, तुझ्या विकासला इचारतो का?"

मी विचारलं. एवढं मात्र केलं. ओळखीच्या एका मुलीला रक्त हवंय म्हणालो, नाव सांगितलं नाही. विकास जेवत होता. ताटावरून उठला, हात धुतले, बूट घातले. "चल की. बसलायस काय?"

आणि मी बसूनच राहिलो.

कारण मला दिसलं — तो वॉर्डात जाणार, बुरख्यातली तिची अम्मी मला "बेटा" म्हणणार, अब्बांची खुशाली विचारणार. मग विकासला कळणार. मेसला कळणार. घरमालकीण काकूंना कळणार. खोली जाणार, तूप जाणार. ह्याच्यासाठी? हो, ह्याच्यासाठीच. मी मोबाइल कानाला लावला, कुणाशीच बोललो नाही आणि विकासला म्हणालो, "नको रे, मिळालं रक्त." तो म्हणाला, "बरं झालं," आणि बूट काढून परत जेवायला बसला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं नाही.

आफरीनला काय सांगायचं? घराबाहेर जाऊन मी तिला फोन केला आणि म्हणालो — विकास नाही म्हणाला. तुझं नाव ऐकलं आणि नाही म्हणाला.

किती पटकन सुचलं मला ते! तिला पटलंही, कारण असं ऐकायची आम्हाला सवय आहे. ती म्हणाली, "असू दे. तू भांडू नगंस त्याच्याशी. तुला तितंच ऱ्हायचं हाय."

तिला माझ्या खोलीची काळजी.

पिशवी तिसऱ्या दिवशी आली. चढवलीही. पण आठवड्यानं आफरीन गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, रक्त दोन दिवस आधी मिळून फरक पडला असता की नाही सांगता येत नाही. हे वाक्य मी पुष्कळदा घोळवून पाहिलंय. त्याच्या आड उभं राहायला मला जागा सापडत नाही. ती जाताना तिच्या मनात एका भल्या पोराबद्दल कडवटपणा होता, आणि तो मी घातला होता.

तिच्या अम्मीला ती विकासचं सांगून गेली होती. अम्मी आजही कुणी आलं की विकासचं नाव घेते आणि पदरानं डोळे पुसते. मी समोर असलो तर मान खाली घालतो. तिला वाटतं, मला दुःख झालंय.

आणि विकास? दिवाळीच्या सुट्टीआधी बॅग भरताना त्यानं सहज विचारलं, "अरे, ती तुझ्या वळखीची पोरगी? बरी झाली का?"

मी म्हणालो, "हो. बरी आहे."