ते जमणार नाही

इबुकी मास्तर मला कधीच आवडले नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे नोनोयामा एकतर्फी बोलते असं नंतर कुणी म्हणायला नको. बोलतेच मी एकतर्फी. माझी बाजू त्सुजिमुराबाईंची.

आमचं तिघांचं एक मंडळ होतं, आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ करायचो. मारामारीचे नाहीत. घरातून, गल्लीतून हिंडायचं, दिसेल ती वस्तू न्याहाळायची, उचलायची, दुसरीवर वापरून बघायची, आणि कोडी सोडवत शेवटाला पोचायचं, असे. सगळा हौसेचा मामला. पोटासाठी मी उत्सुनोमियात लाँड्री चालवते. खेळाचा प्रोग्रॅम मी लिहायचे, चित्रं त्सुजिमुराबाईंची, कोडी आणि वाक्यं मास्तरांची. मास्तर म्हणजे शिकवणीचे वर्ग घेऊन निवृत्त झालेला माणूस. वर्ग बंद झाले, शिकवणं काही बंद झालं नाही.

अशा खेळात एक वाक्य फार लागतं. खेळणारा काय वाट्टेल ते करून बघतो. मांजराला किल्ली लावतो, छत्रीवर मीठ टाकतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर कुठून लिहिणार? म्हणून अशा सगळ्या उपद्व्यापांना मिळून एकच उत्तर ठेवतात. आमच्या खेळांत मास्तरांनी लिहिलेलं होतं, "ते जमणार नाही." खेळात ठीक आहे हो. पण या गृहस्थाच्या तोंडातही तेच. एखादं गाणं घालू या का? ते जमणार नाही. बैठक रविवारऐवजी शनिवारी घेऊ या? ते जमणार नाही. कधी कधी वाटायचं, हा माणूस जन्मला तेव्हा सुईणीलाही हेच म्हणाला असेल.

त्सुजिमुराबाई अगदी उलट. शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण शिजवायला जायच्या, आणि मुख्य आचारी म्हणेल ते हो, घरी सासू म्हणेल ते हो, आमच्याकडे मास्तर म्हणतील ते हो. बाईंना "नाही" म्हणताना मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा सगळा जीव भरतकामात. खेळातलं प्रत्येक दृश्य त्या निळ्या कापडावर दोऱ्याने भरायच्या, आणि त्याचा फोटो काढून आम्ही खेळात घालायचो. जिना, विहीर, ओसरीवरच्या चपला, सगळं टाक्याटाक्याने. हौशी खेळ करणाऱ्यांच्या मेळाव्यात लोक आमच्या टेबलाशी थांबायचे ते त्या टाक्यांसाठी. मास्तरांना वाटायचं कोड्यांसाठी थांबतात. वाटू दे बापडे.

फोनवर आमचा तिघांचा एक गट होता. नावाला खेळासाठी, पण बोलणं सगळं खाण्यापिण्याचं, दोऱ्यांचं आणि घरच्या कटकटींचं. लोणच्यासाठी तांदळाच्या कोंड्यात मुरत घातलेली भाजी रोज हाताने ढवळावी लागते, त्यावरून तर नेहमीचंच.

"काल कोंड्याला हात लावायला विसरले," बाईंनी लिहावं. "काकड्यांनी सूड घेतलाय."

"फोटो टाकू नका, वास माझ्या दुकानापर्यंत आलाय," मी.

"तुझ्या दुकानातून करपलेल्या शर्टांचा वास येतो, आम्ही काही बोलतो का गं?"

आणि मध्येच मास्तर. "कोंड्यात मोहरीची पूड घालावी. आंबटपणा जातो. हे मी पूर्वीही सांगितले आहे."

झालं. विरजण पडलंच. बाई लगेच लिहायच्या, "हो मास्तर, घालते." मी फोन इस्त्रीच्या टेबलावर आपटायचे.

नव्या वर्षाच्या सकाळी खायच्या सूपावरून आमच्यात दरवर्षी भांडण व्हायचं. आमच्या भागात सूप पातळ, सोया सॉसचं, त्यात मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, चौकोनी कापून, भाजून घालायची. बाईंचं माहेर कागावाचं. तिकडे पांढऱ्या मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप, आणि त्यात गोल मोची. तीसुद्धा साधी नाही, आत गोड पुरण भरलेली. मीच पहिल्यांदा चिडवलं होतं, "सूपात पुरण? अहो, तुमच्याकडे चहात मासे घालतात की काय?"

तेव्हा बाईंनी लिहिलं. लग्नानंतरचं पहिलं नवं वर्ष. पहाटे उठून आईसारखं सूप केलं. सासूने वाडग्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि म्हणाली, "असलं आमच्याकडे कुत्र्यालाही घालत नाहीत." आणि भांडंच्या भांडं मोरीत ओतलं. नवरा पेपर वाचत होता, तो वाचतच राहिला. दुपारपर्यंत सुनेला कुणी जेव म्हटलं नाही. तेव्हापासून बाई दरवर्षी चौकोनी मोची भाजतात. गोल पुन्हा कधी केली नाही.

लिहिताना त्यांनी मधेमधे हसरे चेहरे टाकले होते. मला काही हसू आलं नाही. मी माफी मागितली. मास्तरांनी एक हसरा चेहरा परत पाठवला.

पुढचा खेळ ठरवताना बाईंनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाल्या, एक नवी नवरी आहे, नव्या वर्षाची सकाळ आहे, ती सासरच्या घरात हिंडून आपल्या माहेरच्या सूपाचं साहित्य शोधते. शेवटी स्वयंपाकघरात सूप करते. "आणि बसून खाते," त्या म्हणाल्या. "एवढंच. तिने ते खाल्लं पाहिजे." मास्तर म्हणाले, कल्पना बरी आहे. मला वाटलं, चला, सूर्य पश्चिमेला उगवला.

बाई त्या स्वयंपाकघरावर तुटून पडल्या. शाळेतून आल्या की भरत बसायच्या, म्हाताऱ्या सासूचं करून मग भरत बसायच्या. सूपाचा वाडगा भरलेलं कापड तर मी हातात घेऊन बघितलं. मोचीचा पांढरा दोरा उचलला तर खाली तपकिरी टाके. पुरण!

"अहो, हे पडद्यावर दिसणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे ना आत काय आहे ते," बाई म्हणाल्या.

मेळाव्याच्या आधी आम्ही वॉर्डाच्या सभागृहातल्या छोट्या खोलीत बसलो. बाईंनी कापड टेबलावर पसरलं. मास्तरांनी चष्मा चढवला, कापडाकडे ओझरतं बघितलं आणि आपले कागद काढले.

"शेवट मी थोडा सुधारला आहे," ते म्हणाले. "कोड्याला बरोबर उत्तर एकच हवं. खेळणारे बहुतेक टोकियोचे. त्यांना चौकोनी मोची पटेल. तेव्हा नवरीने चौकोनी मोची घातली की सासू खूश, खेळ संपला."

"आणि गोल?" मी विचारलं.

"ती चुकीचं उत्तर. पण गमतीदार! गोल घातली की सासू झाकण उचलते, म्हणते, असलं आमच्याकडे कुत्र्यालाही घालत नाहीत, आणि सगळं मोरीत ओतते. लोक पोट धरून हसतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मास्तर, ते वाक्य यांच्या सासूचं आहे! यांनी आपल्या माणसांत सांगितलेलं आहे ते!"

"म्हणूनच तर जिवंत वाटतं. लेखक आजूबाजूचंच उचलतो, नोनोयामा. तू प्रोग्रॅम लिही, लिहिण्यातलं तुला कळायचं नाही."

"मला कळत नाही? पानभर वाक्यांत एक धड वाक्य नाही तुमचं, आणि जे आहे तेही चोरीचं!"

"आवाज खाली." त्यांनी माझ्याकडे पाठ केली, आणि वर्गातल्या पोरीशी बोलावं तसे बाईंकडे वळले. "तर त्सुजिमुराबाई, दोन चित्रं नवी लागतील. एक चौकोनी मोचीचा वाडगा. आणि एक मोरीत सांडलेलं सूप. मोरीतली ती मोची जरा फुटलेली दाखवा, आतलं पुरण बाहेर आलेलं. आठवड्यात होईल ना?"

बाईंच्या हातात सुई होती. कुठलातरी सुटलेला टाका त्या बसल्याबसल्या घालत होत्या. त्यांनी टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मी मनात म्हटलं, आता ही बाई म्हणणार, हो मास्तर.

"ते जमणार नाही," त्सुजिमुराबाई म्हणाल्या.

मास्तरांना आधी कळलंच नाही. ते कसनुसं हसले. "म्हणजे दोन आठवडे लागतील?"

"ते जमणार नाही." अगदी तसंच. खेळात शंभरदा बोट लावलं तरी उमटतं ना, त्याच सुरात.

"अहो, असं कसं? हा मंडळाचा खेळ आहे. तुमच्या घरचं गाऱ्हाणं मांडायची जागा नव्हे. पटत नसेल तर मंडळ सोडा!"

बाई उठल्या आणि कापडाची घडी घालू लागल्या. मास्तरांनी कापडाच्या कोपऱ्यावर हात ठेवला. "हे इथेच राहील. मंडळाचं आहे हे."

"कापड माझं," बाई म्हणाल्या. "दोरा माझा. आणि सासूही माझीच. हात काढा."

मास्तरांनी हात काढला. मीही माझी पिशवी उचलली. दारातून वळून मास्तरांना आणखी चार शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही. इतके शेलके होते की खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "नोनोयामा, शेवटचा शब्द मला माहीत नव्हता गं."

मास्तरांनी हट्टाने एकट्यानेच खेळ मेळाव्यात नेला. मीही गेले, मुद्दाम. त्यांनी आपल्याच स्वयंपाकघराचा फोटो लावला होता, गॅसच्या बाजूला रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं दिसत होती. मोरीचं चित्रच नाही म्हणून गोल मोची काढून टाकण्यासाठी प्रोग्रॅमला स्वतः हात घातला होता आणि गोल काढता काढता बरोबर उत्तरच काढून बसले होते. एका पोराने वाडग्यात चौकोनी मोची घातली. ते जमणार नाही. त्याने भाजून घातली. ते जमणार नाही. मागची रांग हसायला लागली. पोरगं विचारतं, "आजोबा, मग जमतं तरी काय?" मास्तरांनी मान वर केली आणि समोर मी उभी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला इतका आनंद झाला की परतताना गाडीत मी एकटीच हसत होते. खोटं कशाला सांगू?

नव्या वर्षाच्या सकाळी गटावर बाईंचा फोटो आला. पांढऱ्या मिसोचं सूप, गोल मोची, एक चावा घेतलेली, आत तपकिरी पुरण. मास्तरांना गटातून काढायचं आम्हा दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी लगेच लिहिलं, "शेवटी हट्ट सोडला नाहीत." मी आधी त्यांना काढलं आणि मग बाईंना फोन लावला.

"सासूबाई?" मी विचारलं.

"बसल्यात समोर. त्यांनाही दिली. घशात अडकू नये म्हणून बारीक तुकडे करून दिली. झाकण उचललं, बघितलं, म्हणाल्या, मोरीत ओत."

"मग?"

"मग काय, म्हटलं, ते जमणार नाही. त्यांचा वाडगा माझ्याकडे ओढला आणि दोन्ही वाडगे मीच खाल्ले. सावकाश. आमचे हे पेपर बाजूला ठेवून बघत होते."

"आणि त्या?"

"त्या म्हणाल्या, अगं, मला भूक लागलीये." फोनवर मागे चर्र आवाज येत होता, बाई चौकोनी मोची भाजत होत्या. "मी म्हटलं, त्या वर्षी मलाही लागली होती."