अर्धी टाकलेली भाकरी

“मॅडम, तुम्हीच सांगा आता. रोज ताटात अर्धी भाकरी टाकतात. पहिले दोन-तीन घास नीट खातात आणि मग ताट सरकवतात. मला कळत नाही का, मुद्दाम करतात ते?”

हे बोलत होती संगीता. पेशंट ती नव्हती. पेशंट होत्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या सासूबाई, कमळाबाई. वय बहात्तर, तक्रार डोकेदुखीची. बाहेर बाकावर नऊ जण ताटकळत होते, त्यातली दोन मुलं आलटून पालटून रडत होती. मी हात वर करून संगीताला थांबवलं.

“भाकरीचं नंतर बोलू, संगीता. आधी त्यांना डोक्याचं सांगू दे.”

एकतीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी बरीच चुकीची वाक्यं बोलले असेन. त्यातलं सगळ्यात चुकीचं हे.

माझा दवाखाना ठाण्यात, माजिवड्याला. नाक्यावरून आत वळलं की टॉवरच्या मागे आगऱ्यांचं जुनं गाव अजून आहे, तिथे. अर्धे पेशंट टॉवरमधले, अर्धे गावातले. डोकं दोघांचंही सारखंच दुखतं. फक्त टॉवरवाले मोबाइलवर वाचून, ब्रेन ट्यूमर ठरवूनच येतात आणि गाववाले कपाळभर बाम चोळून येतात. पहिल्यांची भीती काढावी लागते आणि दुसऱ्यांचा बाम.

डोकेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत, पण माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे रोज येतात ते तीन-चारच. सगळ्यात जास्त ताणाची. कपाळाभोवती कुणी फेटा आवळून बांधल्यासारखं वाटतं, मान आखडते, पण माणूस काम करत राहतो. दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. बहुधा एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको. हिचा पेशंट अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो आणि घरच्यांना वाटतं नाटक करतोय. “मला सायनस आहे” म्हणून येणाऱ्यांमध्येही ही पुष्कळदा निघते. आणि तिसरी आपणच पाळलेली. डोकं दुखतं म्हणून रोज गोळी घ्यायची, मग गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून परत गोळी. या पेशंटची गोळी सोडवायला मला जितकं बोलावं लागतं तितकं दारू सोडवायलाही लागत नाही.

कुठला प्रकार आहे हे मशीन सहसा सांगत नाही. पेशंट सांगतो, आणि त्यालाही नीट आठवत नाही. म्हणून माझी एक पद्धत आहे. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घ्यायचं. डोकं दुखेल त्या तारखेवर फुली मारायची. शेजारी दोन शब्द लिहायचे: झोप किती झाली, काय खाल्लं, गोळी घेतली का. महिन्याभराने कॅलेंडर घेऊन यायचं. उपास केला की फुली, जागरण झालं की फुली, पाळीच्या आधी फुली, असं कॅलेंडर आपणच बोलायला लागतं. निम्म्या लोकांना मग वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि चष्म्याचा बदललेला नंबर एवढंच औषध पुरतं.

तर कमळाबाई. तीन आठवडे दोन्ही कानशिलं दुखत होती. उलटी नाही, ताप नाही, बीपी बरं. डोकं आधी कधी दुखलं होतं का विचारलं, तर म्हणाल्या, “जल्मात नाय.” यावर मी थांबायला हवं होतं. पण शेजारी सून भाकरीवरून धुमसत होती, सासू तोंड मिटून भिंतीकडे बघत होती, आणि निदान मला समोर मांडून ठेवल्यासारखं दिसलं. केसपेपरवर लिहिलं, टेन्शन हेडेक. साध्या गोळ्या दिल्या, मानेला शेक सांगितला आणि कॅलेंडर सांगितलं. कमळाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून फुल्या संगीताने मारायच्या ठरल्या.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. त्या वेळी कमळाबाईंकडे बघून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. घट्ट अंबाडा आणि त्यावर अबोलीची वेणी, याशिवाय बाई घराबाहेर पडत नाहीत. आज केस मोकळे, नुसते मागे सारलेले.

“अंबाडा नाही घातलात?”

“कंगवा लावला का दुखतं, बाय. हात नाय लावू देत डोकं.”

“ताणाने होतं असं,” मी म्हणाले. होतंही. पण मी ते म्हणाले कारण मला माझं निदान मोडायचं नव्हतं.

बाहेर त्यांचा मुलगा नरेश रिक्षा लावून उभा होता. त्याला बाजूला घेऊन मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, घरात काहीतरी धुसफुस आहे, आईला थोडे दिवस हवापालट होऊ दे. त्याची बहीण सुनंदा डोंबिवलीला असते. नरेशने दुसऱ्याच दिवशी आईला तिच्याकडे पोचवलं.

आठवड्याने त्याचा फोन. “मॅडम, एकदम बरोबर बोललेलात तुम्ही. ताई बोलते, आई तिकडं पोटभर जेवते. ताटात शीत ठेवत नाय. म्हणजे लोचा आपल्याच घरात हाय ना?”

“बघा!” मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. आपलं निदान खरं ठरल्यावर होतो तेवढा आनंद डॉक्टरला दुसऱ्या कशाने होत नाही. डोकं दुखायचं थांबलं का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. आणि माझ्या त्या “बघा” चं त्या घरात पुढे काय झालं, तेही मला नंतर कळलं. कमळाबाई परत आल्या त्या रात्रीच्या जेवणाला नरेश सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, “डॉक्टर पण बोलली, आईला तुझाच त्रास हाय.” आगरी घरात तांदळाची भाकरी सुनेने कशी थापली यावर तिची परीक्षा होते. संगीता सोळा वर्षं ती परीक्षा देत होती. त्या दिवसापासून तिने पीठ मळणं बंद केलं. गल्लीतली एक बाई भाकऱ्या करून देते, तिच्याकडून येऊ लागल्या.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला, संगीता सासूला हाताला धरून आत आली. कॅलेंडर तिने माझ्या टेबलावर आपटलंच.

“वाचा मॅडम. या भाकऱ्या माझ्या नाहीत. विकतच्या आहेत. तरी अर्ध्याच.”

मी वाचायला लागले. डोंबिवलीचे दिवस कोरे होते, बाकी प्रत्येक तारखेवर फुली होतीच. पण फुलीखाली तिने बारीक अक्षरात रोजचं ताट लिहिलं होतं. आपल्यावरचा आळ जावा म्हणून. भाकरी, अर्धी. मटण, टाकलं. सुके बोंबील, टाकले. भात-कालवण, सगळं खाल्लं. चपाती, अर्धी. पेज, दोन वाट्या.

“सुनंदाकडे काय जेवत होता?” मी कमळाबाईंना विचारलं.

“मऊ भात. तिला कुटं वेल हाय भाकर थापाला? नोकरी करतं ती.”

“आणि भाकरी का नाही खात? दात दुखतात?”

“दात शाबूत हायत माजे. पन दोन घास चावले का ही गालफाडं भरून येतात. थांबली का बरी. परत चावाला घेतलं का परत भरून येतात.”

मी कॅलेंडर बाजूला ठेवलं.

हे जरा सोपं करून सांगते. रक्तवाहिनी अरुंद झाली की बसल्या जागी काही कळत नाही. काम काढलं, की स्नायूला रक्त पुरत नाही आणि तो भरून येतो. थांबलं की शांत होतो. पायाच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या माणसाचे पाय चालताना असेच भरून येतात. कमळाबाईंचा जबडा भाकरी चावताना भरून येत होता. म्हातारपणी एक आजार होतो. कानशिलावरच्या रक्तवाहिनीला सूज येते आणि ती अरुंद होत जाते. आपल्याकडे फारसा दिसत नाही, मी तोवर पुस्तकातच पाहिला होता. त्यात डोकं दुखतं, केसांना हात लावला तरी दुखतं, चावताना जबडा दुखतो. आणि तीच सूज डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेली, तर माणूस एका दिवसात आंधळा होतो. गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

मी उठून त्यांच्या डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. दोरीसारखी जाड शीर हाताला लागली. त्या कळवळल्या. पाच आठवड्यांत मी तिथे एकदाही बोट ठेवलं नव्हतं.

“डोळ्यांना काही झालं का कधी?”

“परवा डाव्या डोल्यापुडं पडदा आला. कालोख. चार-पाच मिंटं. मंग गेला. आज सकाली पन आला.”

संगीता किंचाळलीच. “आई! मला बोलला नाहीत?”

“हे सगळं आधी का नाही सांगितलंत मला?” मीही आवाज चढवला. चढवायचा हक्क मला नव्हता.

कमळाबाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “तुमी डोक्याचं इचारलं, डाक्टरीनबाय. गालफाडाचं कुटं इचारलं?” मग सुनेकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, “आनि हिला सांगितलं असतं तं हिला वाटलं असतं, भाकर कडक झाली म्हनून बोलतं.”

म्हणजे सुनेला लागू नये म्हणून सासू गप्प होती, आणि सासूच्या गप्प बसण्याने सून दुखावत होती. मधे मी, दोघींना ताण कमी करायला सांगत. मला मनापासून लाज वाटली.

मी लगेच आमच्या सरांना फोन लावला. ठाण्यातले सीनियर फिजिशियन, मला त्यांनीच शिकवलं. मी दोन वाक्यं बोलले असेन. सर म्हणाले, “अॅडमिट कर. रक्त घे आणि स्टिरॉइड आजच सुरू. रिपोर्टसाठी थांबू नकोस. शिरेचा तुकडा काढून तपासायचं नंतर बघू. डोळा आपल्यासाठी थांबणार नाही.”

नरेशला बोलावलं. तो आला तो हातात मंडपवाल्याची चिठ्ठी घेऊनच.

“स्टिरॉइड? ते जिमवाले घेतात ते? मॅडम, परवा भावकीत हळद हाय. आई घरात मोठी. हळद होऊ द्या, मग लगेच करू. दोनच दिवसांचा प्रश्न हाय.”

ठाण्यात आगऱ्यांची हळद म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. लग्न एकवेळ लहान होईल, हळद नाही. पंगती उठतात, गाव लोटतं, आणि घरातली मोठी बाई नसली तर भावकी वर्षभर बोलते. मी त्याला समजावायला लागले, तेवढ्यात संगीता उभी राहिली. तिने सासूची पिशवी खांद्याला अडकवली.

“हळद माझ्याशिवाय होईल आणि आईंशिवाय पण होईल. डोळा गेला तर परवा काय बघणार आहेत त्या? चला आई.”

नरेशने चिठ्ठी खिशात घातली. त्याने रिक्षा सुरू केली.

संध्याकाळच्या आत सलाइनमधून स्टिरॉइड सुरू झालं होतं. शरीरात कुठे सूज आहे का हे दाखवणारी एक साधी रक्ततपासणी असते, ईएसआर. कमळाबाईंचा आकडा शंभराच्या वर होता. ही तपासणी माझ्या दवाखान्याच्या खालच्या लॅबमध्ये रोज होते. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले तर बाई उशाला टेकून बसल्या होत्या. “डोकं गेलं,” म्हणाल्या. म्हणजे डोकेदुखी गेली. पुढे शिरेच्या तुकड्याच्या रिपोर्टमध्येही तोच आजार निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, नजर वाचली. अजून थोडे दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

वॉर्डबाहेर मी संगीताची माफी मागितली. “तू पहिल्याच दिवशी मला निदान सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. वर तुझ्यावरच ढकललं.”

तिने पदराने डोळे पुसले. “मी कुठे निदान सांगत होते, मॅडम. मी तर तक्रार करत होते.”

दीड महिन्याने दोघी दवाखान्यात आल्या. गोळ्या चालू होत्या, अजून बराच काळ चालणार होत्या, साखरेवर आणि हाडांवर लक्ष ठेवायचं होतं. कमळाबाईंचा चेहरा गोळ्यांनी जरा सुजला होता. पण अंबाडा जागेवर होता आणि अंबाड्यावर अबोली. संगीताने न मागता कॅलेंडर पुढे केलं. फुल्या संपल्या होत्या, ताटाचा हिशोब मात्र तिने चालूच ठेवला होता. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं: “माझी भाकरी. दीड खाल्ली. कडा जाड झाल्या म्हणाल्या.”

“खरंच म्हणाल्या?” मी विचारलं.

“तोंडावर!” संगीता हसत होती. “इतकं बरं वाटलं ना, मॅडम.”

“जाडच होत्या,” कमळाबाई म्हणाल्या.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी मी आता ताणाच्या नावावर खपवत नाही. चावताना, केस विंचरताना, नजरेला काय होतं, हे विचारल्याशिवाय पेशंटला उठू देत नाही. कानशिलावर बोट ठेवते. आणि पेशंटबरोबर आलेली सून तक्रार करायला लागली की हात वर करत नाही. पेन उचलते.