दोन्या नोहोरांचे जादा तास

बोगोताच्या विमानतळावर बढती म्हणजे काय चीज असते, ते आमच्या दोन्या नोहोरांना, म्हणजे नोहोराबाईंना, विचारावं. वर्षानुवर्षं आमच्याबरोबर बॅगा वजनकाट्यावर चढवल्या, मग कंपनीने त्यांना काउंटरप्रमुख केलं, पगार चिमूटभर वाढवला आणि सांगितलं, "आता तुम्ही विश्वासातलं माणूस." आमच्या कायद्यात विश्वासातल्या माणसाला तासांची मर्यादा नाही आणि ओव्हरटाइमही नाही. आम्ही बाकीचे थोडे जास्त थांबलो तरी कंपनीला जादा पैसे मोजावे लागतात. या बाई दिवसभर उभ्या राहिल्या तरी पगार तोच. डोंबलाचा विश्वास!

"काय मॅडम, बढती घेतलीत की शिक्षा?" शेजारच्या काउंटरवरची आमची ओफेलिया त्यांना रोज चिडवायची.

"गप गं. पाय दुखतायत, त्यात तू डोकं नको दुखवूस," म्हणायच्या आणि पिशवीतले चीजचे गरम पाव आम्हाला वाटायच्या.

मग माझी लेक सातव्या महिन्यातच जन्माला आली. एवढीशी. बायको, यामिले, शस्त्रक्रियेनंतर तापाने फणफणलेली, इस्पितळातच. घरात दुसरं मोठं माणूस नाही. डॉक्टरीणबाईंनी पोर माझ्या उघड्या छातीवर कापडाने बांधली आणि बजावलं, "बापाची ऊब हेच तिचं औषध. वजन भरेपर्यंत उतरवायची नाही. ती गार पडली तर आमच्या हातात काही राहणार नाही."

माझी रजा संपत आली होती. पोरीला तसंच जॅकेटच्या आत घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. दोन्या नोहोराही आल्या.

"बिनपगारी रजा द्या, साहेब."

"देतो हो, पण तुमच्या जागी उभं कोण राहणार? दुसऱ्या कोणाला थांबवलं की ओव्हरटाइम द्यावा लागतो, आणि तो वरून बंद आहे. काउंटर रिकामा ठेवता येत नाही. सोमवारी या, नाहीतर राजीनामा द्या."

अस्सा संताप आला! पण छातीवर ती झोपलेली, ओरडणार कसा? नोकरी गेली तर इस्पितळाचा विमाही जाणार होता.

"मी उभी राहीन," दोन्या नोहोरा म्हणाल्या.

"तुम्ही? तुमची सकाळची पाळी असते."

"सकाळी माझी, दुपारी याची. मला ओव्हरटाइम लागत नाही, साहेब. कितीही थांबले तरी मी तुम्हाला फुकटच पडते. तुम्हीच नाही का समजावून सांगितलंत?"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. रजा मंजूर झाली.

त्यानंतर मी घरी खुर्चीत रेलून पोरीला छातीशी धरून बसायचो, आणि माझ्या काउंटरवर त्या उभ्या असायच्या. ओफेलिया फोनवर सांगायची, "अरे, बाईंचे पाय भोपळ्यासारखे सुजलेत. काउंटरमागे सपाता घालून उभ्या असतात, नि वर तोंडभर हसतात." ऐकून मला कसंतरीच व्हायचं. पण इकडे पोर दूध ओढायला लागली, गालावर मांस दिसायला लागलं, आणि यामिलेही घरी आली.

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पोरीला घेऊन विमानतळावर गेलो. दोन्या नोहोरांनी तिला दुपट्यासकट घेतलं आणि सरळ बॅगांच्या काट्यावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी हात धरून.

"अहो, काय करताय!" यामिले ओरडली.

आमच्याकडे आभार मानताना सगळेच म्हणतात तेवढंच मी कसंबसं म्हटलं, "देव तुमचे पैसे चुकते करो."

त्या काट्यावरचा आकडा बघत होत्या. "देवाला कशाला मध्ये घालतोस, पोरा?" त्या म्हणाल्या. "हा बघ माझा ओव्हरटाइम. पुरा मिळाला."

मी सगळ्या प्रवाशांसमोर रडलो. लाज कसली त्यात?