आजोबांचा आदर्श गुडघा

आमच्या फिजिओथेरपीच्या बाई तीस वर्षं लोकांचे गुडघे हाताने वाकवत आल्या. म्हणजे त्यांना काहीच येत नाही, असं वरच्यांनी ठरवलं आणि त्यांना आम्हा सगळ्यांबरोबर डिजिटल पुनर्वसनाच्या प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला आलेल्या तज्ज्ञाने जन्मात एकच गुडघा नीट पाहिला होता, तो स्वतःचा.

शेवटच्या दिवशी त्याने पडद्यावर एका आजोबांचा आलेख दाखवला. पायाला बांधलेला सेन्सर सांगत होता, गुडघा रोज हजार वेळा वाकतो. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाईंनी मात्र सगळ्यांसमोर आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. "आजोबा, जरा उठून पाणी प्या बरं."

आजोबा बसल्या जागेवरून ओरडले, "अगं, पाणी आण!"

आजी पाणी घेऊन आल्या. सेन्सर त्यांच्या पायाला होता.

"यांना टोचतो हो," आजी म्हणाल्या. "म्हणून मीच बांधते. तेवढाच त्यांना आराम."

हात दाखवून अवलक्षण! आलेखावर विश्वास न ठेवल्याबद्दल बाई नापास झाल्या. आजोबांना आदर्श रुग्णाचं प्रमाणपत्र जाहीर झालं.

ते आणायलाही आजीच गेल्या.