पोचलो हं

क्वीन्सटाउनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे काका दर जूनमध्ये इंग्लंडला जात, तिथल्या खेड्यातल्या लेकीकडे आणि जुन्या मित्रांकडे. परतले की स्वतःचं कुलूप उघडण्याआधी आमची बेल वाजवत. "पोचलो हं!" मग बॅग हातात धरूनच मेंढ्या, सफरचंदाची झाडं, मित्रांचे गुडघे, सगळं सांगत.

"आत तरी या, काका."

"नको, दमलोय," म्हणत आणखी अर्धा तास बोलत.

"लेकीला कळवलंत का पोचल्याचं?"

"ती कामात असते हो."

एका वर्षी बेल वाजली आणि मी दार उघडलंच नाही. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. थोडा वेळ ते थांबले. मग बंद दाराला हळूच म्हणाले, "पोचलो हं."

त्यांचं कुलूप उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी कडीवर हात ठेवून आत उभा होतो.